कळवण्यात येत आहे

अळूच्या पानांची जुडी उलटीपालटी करून लेसिएली त्यात कोवळी किती आणि जून किती ते बघत होती, तेवढ्यात भाजीवाली तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला म्हणाली, "पांगाईचा हेनेली वारला म्हणे, ऑकलंडला." आणि लगेच त्याच आवाजात यंदा रताळी किडकी निघताहेत असंही म्हणाली. लेसिएलीने जुडी खाली ठेवली. पुन्हा उचलली. कोण म्हणालं, असं तिने विचारलं तेव्हा आपला आवाज नेहमीसारखाच आला याचं तिला नवल वाटलं.

"कोण म्हणणार? वारा म्हणाला," भाजीवाली म्हणाली. "आणि मलाच काय विचारतेस गं? रेडिओवाली तू. राज्यात मांजर व्यालं तरी आधी तुला कळतं." आजूबाजूच्या बायका हसल्या. लेसिएलीही हसली, पानं पिशवीत टाकून बाजाराबाहेर पडली आणि रस्ता ओलांडल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नारळ घ्यायला आलो होतो.

बाजारापासून रेडिओपर्यंतची वाट समुद्राच्या कडेने जाते. एरवी त्या वाटेवर ती आदल्या दिवशीच्या खबरा डोक्यातून झाडून टाकायची, म्हणजे आजच्यांना जागा होते. आज डोक्यात एकच वाक्य होतं, आणि तेही धड नाही, शेपटाला 'म्हणे' बांधलेलं. म्हणे म्हणजे अजून काही झालेलं नाही. एकतीस वर्षं ती रेडिओवर राज्यातली मयतं वाचत आली होती आणि तिची अशी पक्की समजूत झाली होती की चिठ्ठी आल्याशिवाय कोणी मरत नाही. वाऱ्यावर काय, माणसं रोज मरतात. मागच्या वर्षी वावाऊ बेटावरच्या एका पाद्र्याला वाऱ्याने दोनदा मारलं होतं आणि दोन्ही वेळा तो पुढच्या रविवारी व्यासपीठावर चढून तासभर बोलला होता. वाऱ्याच्या बातमीला आई ना बाप. ती कोणी सांगितली म्हणून विचारावं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तेव्हा हेनेली जिवंत आहे, असं तिने ठरवलं, आणि समुद्राच्या बाजूचा बांध हाताने चाचपत चालत राहिली. दगड उन्हाने तापलेले होते. छप्पन्न वर्षांचा हेनेली कसा दिसत असेल हे तिला डोळ्यांसमोर आणता येईना. तिच्याजवळ होता तो पंचवीस वर्षांचा, आणि पंचवीस वर्षांच्या धडधाकट माणसाला मारायला वाऱ्याला काहीतरी निमित्त तरी लागलं असतं.

ती नोकरीला लागली तेव्हा सिओसाइआ नावाचे गृहस्थ रेडिओचे मुख्य होते. जाडजूड, दमेकरी, शब्दांच्या बाबतीत सोवळे. त्यांनी तिला पहिल्या आठवड्यात माईकसमोर बसूच दिलं नाही, नुसतं ऐकायला लावलं. राजवाड्यातून येते ती घोषणा, ते म्हणत, ती उभ्याने वाचायची. कोणी बघत नसलं म्हणून काय झालं, आवाजाला पाय असतात, तो बसला की कळतं. सरकार काढतं ते निवेदन. ते बसून वाचलं तरी चालतं, पण मध्ये खोकायचं नाही. डबाबंद मांसाची जाहिरात वाचायची ती भूक लागल्यासारखी. आणि सामान्य लोक खिडकीशी येऊन लिहून देतात त्या खबरा, अमक्याचं मयत, तमक्याचं लग्न, अमुक बेटावरच्या भावाने बोटीने चटया पाठवाव्यात, त्या मात्र अशा वाचायच्या की जणू आपण त्यांच्या दारात उभे आहोत आणि हात हलवत आलो म्हणून जरा ओशाळलो आहोत. मरणाचे शब्दही त्यांनीच घोटून घेतले. राजा गेला तर एक शब्द, सरदार गेला तर दुसरा, आणि बाकीचे आपण सगळे नुसते मरतो. लोक बापाच्या मायेने सरदाराचा शब्द लिहून आणत. सिओसाइआ तो खोडून साधा लिहीत आणि माणसाला बाहेर नेऊन बाकावर बसवून पाणी देत.

त्यांचाच एक आवडता दाखला होता. पूर्वी या बेटांवर सरदाराचा निरोप माणसं अंथरुणावर पडल्या पडल्या ओरडून पुढच्या घराला देत. पुढचं घर त्याच्या पुढच्याला. कोणी उठायचं नाही, काय कसं विचारायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. पहिल्या घराचा शब्द शेवटच्या घरी तसाच्या तसा पोचला पाहिजे. आपण तेच करतो, सिओसाइआ म्हणत, फक्त खुर्चीवर बसून करतो. चिठ्ठीवरचा एक शब्द बदललास तर टोकाच्या घरी लग्नाचं मयत होईल. लेसिएलीने एकतीस वर्षांत चिठ्ठीवरचा एक शब्द बदलला नव्हता. एक शब्द बदलला असता तर आपलं आयुष्य बदललं असतं हे माहीत असूनही नव्हता, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता की राग, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

हेनेली बोटींच्या कचेरीत कारकून होता. दररोज साडेबाराला तो बोटींच्या वेळा लिहिलेला कागद घेऊन रेडिओच्या खिडकीशी यायचा. हाआपाईची बोट संध्याकाळी सहाला जुन्या धक्क्यावरून सुटेल, उतारूंनी डुकरं बांधून आणावीत. इतकंच. पण तो ते लिहायचा असं की वाचणाऱ्याची जीभ मध्येच गाठ बसून अडकावी, आणि मग आपल्या कचेरीत रेडिओला कान लावून ती कुठे अडखळते त्याची वाट बघत बसायचा. दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा, काल 'बांधून'पाशी घसरलीस. ती म्हणायची, घसरले नाही, डुकरांची दया आली. खिडकीच्या गजातून त्याने कागद सरकवायचा आणि तिने घ्यायचा, एवढाच त्यांचा सहवास. आठ महिने. त्याची नखं नेहमी शाईने निळी असायची. तो खिडकीवर कोपर टेकून वाकला की त्याच्या सदऱ्याला डिझेलचा आणि खोबरेलाचा वास यायचा, आणि आजही धक्क्यावरून वारा आला की ती हातातलं काम थांबवून तिकडे तोंड करायची. तिने दुसऱ्या कोणाचा असा वास घेतला नाही. घ्यावासा वाटला नाही, असंही नाही. पण वेळच आली नाही.

आणि मग ती चूक. आता विचार करताना लेसिएलीला वाटायचं की ही चूक जगात दुसरीकडे कोणाला चूक म्हणून दिसणारसुद्धा नाही. दोन्ही घरच्यांना कुणकुण होती, बापाची ना नव्हती. शनिवारी त्याच्या माणसांनी कावा हे मानाचं पेय, डुक्कर, चटया घेऊन मागणी घालायला यायचं असं ठरत होतं. पण इथे मुलीच्या घरी बाप मोठा नसतो, बापाची बहीण मोठी असते. आत्याच्या कानावर गोष्ट आधी घालायची, तिने हं म्हटलं की मग बाकीच्या जगाला सांगायचं. बाप बुधवारी संध्याकाळी कालोलाइने आत्याकडे जाणार होता, सुकवलेली मासळीसुद्धा बाजूला काढून ठेवली होती. हेनेलीचे आईबाप हाआपाईच्या लिफुका बेटावर. तिथे तेव्हा फोन नव्हता, आणि शनिवारपर्यंत पोचायचं तर बुधवारची बोट धरायला हवी होती. मग त्याने राज्यातल्या प्रत्येक मुलाने केलं असतं तेच केलं. बोटींच्या कागदाबरोबर एक खबर लिहून, घडी घालून दिली. पांगाईच्या सेमिसींना त्यांच्या मुलाकडून कळवण्यात येत आहे की लेसिएलीच्या घरी जाण्याचा दिवस शनिवार ठरला आहे, तरी आजच्या बोटीने चटया घेऊन निघावं.

खबरा गठ्ठ्याने माईकपुढे यायच्या, एक वाजायला पाच मिनिटं असताना. ती वाचत वाचत पुढे गेली आणि चौथ्या चिठ्ठीवर तिचं स्वतःचंच नाव आलं. थांबायला वेळ होता. लोकांना वाटतं नव्हता, पण होता; एक चिठ्ठी गठ्ठ्याखाली सारायला किती वेळ लागतो? नियम आड आला, असं ती पुढे सगळ्यांना सांगत राहिली. खरं हे होतं की तिला ते वाचायचं होतं. बावीस वर्षांची होती ती. राज्यात जेवढी म्हणून घरं होती, त्या सगळ्यांत एकाच वेळी आपलं नाव त्याच्या गोष्टीत ऐकू जावं असं तिला वाटलं, आणि तिने ते वाचलं.

कालोलाइने आत्या तेव्हा स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. शेजारच्या आवारातली माणसं, रस्त्यावरचे डुकरांना हाकणारे, चर्चचा झाडूवाला, या सगळ्यांना ज्या घटकेला कळलं त्याच घटकेला तिला कळलं. बाप संध्याकाळी मासळी घेऊन गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली की मला कळवायला आलास? मला जाहीर झालंय. शनिवारी हेनेलीची माणसं आली. बाहेरच्या अंगणात फणसाच्या झाडाखाली बसली. डुक्कर भाजलेलं होतं, कावा घोळायला घेतला होता, आणि आत्याची जागा मोकळी होती. ती आल्याशिवाय कोणी वाडग्याला हात लावणार नव्हतं. बाप तीनदा तिच्या घराच्या रस्त्यापर्यंत जाऊन आला; सख्ख्या बहिणीला चल म्हणायची त्याची छाती झाली नाही, तशी ती इथे कोणाचीच होत नाही. ऊन कलंडलं तशी सेमिसींनी चटया गुंडाळल्या. हेनेली शेवटचा उठला. तिने खिडकीतून पाहिलं, तो कपड्यांना लागलेली माती झटकत होता, पुन्हा पुन्हा, माती गेल्यावरही झटकत होता. दोन महिन्यांनी तो कामगारांच्या तुकडीबरोबर ऑकलंडला गेला. बोटींचा कागद दुसरा कोणी आणू लागला आणि तो अगदी सरळ लिहिलेला असे.

पुढे बाप गेला, आत्याचा नवरा गेला, आत्याला मूल नव्हतं. लेसिएली कोलोमोतुआमधल्या तिच्या घरी राहायला गेली. भाचीने आत्याचं करायचं हे इथे कोणी ठरवावं लागत नाही. जिने लग्न मोडलं तिलाच तिने सव्वीस वर्षं आंघोळ घातली, केस विंचरले, अळूच्या पानात मांस आणि नारळाचं दूध बांधून शिजवून घातलं, आणि दोघींनी त्या शनिवारची कधी वाच्यता केली नाही. आत्या आता अठ्ठ्याऐंशीची होती, डोळ्यांनी अधू. एक वाजताच्या खबरा मात्र ती चुकवत नसे. संध्याकाळी लेसिएली आली की त्यावर बोलायची. आज अमक्याचं नाव वाचताना तुझा घसा कोरडा होता, पाणी पीत जा.

हे सगळं तिच्या मनात असंच ओळीने आलं असं नाही. ती रेडिओच्या कचेरीत पोचली, पिशवी खुंटीला अडकवली, तंत्रज्ञ माकाने तिला कोणीतरी पाव आणला आहे म्हणून सांगितलं, आणि या सगळ्याच्या मागे ती एकाच गोष्टीवर फिरून फिरून येत होती. चिठ्ठी येईल. आज नाही तर उद्या येईल. आणि आपण ती वाचू आणि सगळ्यांबरोबर आपल्यालाही कळेल. जाहीर सगळ्यांना करतात. कळवतात ते मात्र कोणाला तरी. त्या कोणाला तरी म्हणायला नातं लागतं, कोणीतरी उठून, पायात चपला घालून आपल्या दारापर्यंत यावं एवढं आपण त्या मेलेल्याचे असावं लागतं. ती हेनेलीची कोणीच नव्हती. एका अंगणात एक दुपार वाट पाहिली गेली, एवढं काही नातं होत नाही. तिला दुःख झालं होतं का, हेही तिला सांगता येईना. तिला ओढ लागली होती, पोरसवदा, लाजिरवाणी ओढ, की ही गोष्ट आपल्याला कोणीतरी येऊन सांगावी. हळू आवाजात. बस, म्हणावं, आणि मग सांगावं.

पावणेबाराला खिडकीशी एक काळ्या कपड्यातली तिशीच्या आतली मुलगी आली. मेलेआने, म्हणाली, पांगाईच्या हेनेलीची मुलगी. कालच्या विमानाने आले. लेसिएलीने कागद पुढे केला आणि पेन दिलं. तिच्या हाताने या गोष्टी इतक्या वेळा केल्या होत्या की हाताला तिची गरज लागली नाही. मुलीने लिहायला सुरुवात केली, थांबली, खोडलं. ऑकलंडात वाढलेली ती. बोलत होती ते आपलंच, पण सांभाळून, उसनं भांडं नेल्यासारखं. आई चार वर्षांपूर्वीच गेली होती. वडिलांचं हृदय. कामावरच. गुरुवारी अकराच्या विमानाने त्यांना आणणार, एक दिवस इथे कोलोफोऊला चुलत्यांच्या घरी ठेवणार आणि मग बोटीने पांगाईला. लेसिएली मान हलवत राहिली. मरणासाठी मुलीने साधा शब्द लिहिला होता, दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

"तुम्हीच वाचता ना खबरा?" मुलीने मध्येच मान वर करून विचारलं. "मी आल्यापासून बघतेय, तुमचा आवाज ओळखीचा वाटतोय. आमच्याकडे एक कॅसेट होती. कोणीतरी रेडिओवरून भरून पाठवलेली, भजनांची. पण भजनांच्या आधी बोटींच्या वेळा होत्या. बाबा भजनं ऐकायचेच नाहीत. वेळा संपल्या की बंद करायचे, मागे फिरवायचे. आई चिडायची, म्हणायची, कुठे जायचंय तुम्हाला त्या बोटीने?" ती जरा हसली. "त्यांना देशाची फार आठवण यायची."

"येते," लेसिएली म्हणाली. "तिकडे गेलेल्यांना येते."

मग मुलीने विचारलं की नावं कुठे लिहायची. खबरेत नावं लागतात. मयत सगळ्या राज्याने ऐकायचं असलं तरी ते कळवायचं असतं ठराविक माणसांना. लेसिएलीने तिला रेघा आखून दिल्या आणि कोण आधी कोण नंतर ते समजावलं. आधी वडिलांची थोरली बहीण. मग पांगाईचे काका. मग आईकडचे. मुलगी एकेक नाव पुटपुटत लिहीत होती, एखादं आठवेना तेव्हा पेनाचं टोक दातात धरत होती, आणि तिची नखं निळी झाली होती. सात नावं झाली. कोणी राहिलं का, असं तिने विचारलं. ऑकलंडात राहून आपल्याला इकडचं काय माहीत, तुम्हाला कोणी आठवतं का, तुम्ही तर सगळ्यांना ओळखता. लेसिएलीने कागद हातात घेतला. आठवी रेघ कोरी होती. पाच अक्षरांचं काम, नव्हे, तेवढंही नाही. मुलगी तिच्याकडे बघत होती, तिच्या आईचे असतील ते डोळे, कोणावर विश्वास ठेवून मोकळी झालेली. हिच्या हातून कसं घ्यायचं? हिला काय सांगून घ्यायचं? लेसिएली म्हणाली की बरोबर आहे, सगळे आलेत. मुलगी चर्चच्या हॉलची व्यवस्था बघायला घाईने निघून गेली.

एक वाजता माकाने काचेपलीकडून बोट वर केलं. राजवाड्यातून काही नव्हतं. पाणीपुरवठ्याचं एक निवेदन होतं, ते तिने न खोकता वाचलं. एक लग्न, एक हरवलेला घोडा. मग हेनेलीची चिठ्ठी. तिने ती नेहमीच्या चालीत सुरू केली आणि नेहमीची चाल तिला खरोखरच पेलून घेऊन चालली, एकतीस वर्षांची सवय ही. लिफुका बेटावरच्या पांगाई गावचे हेनेली ऑकलंड इथे मरण पावले. गुरुवारी अकराच्या विमानाने. कोलोफोऊ इथे. पुढील व्यक्तींना कळवण्यात येत आहे. तिने नावं वाचली, एक, दोन, तीन. प्रत्येक नावाबरोबर तिला एकेक घर दिसत होतं आणि त्या घरात कोणीतरी हातातलं काम टाकून उठत होतं, आणि तिला त्या प्रत्येकाचा हेवा वाटत होता, रडायची मुभा मिळालेल्या त्या सात माणसांचा. सातवं नाव झालं. इथे थांबायचं असतं, एक श्वास घ्यायचा आणि बोटींच्या वेळांवर यायचं असतं. तिने श्वास घेतला. चिठ्ठीत नसलेला शब्द उच्चारायला किती बळ लागेल याची तिने कधी कल्पना केली नव्हती आणि प्रत्यक्षात काहीच लागलं नाही.

"आणि कोलोमोतुआ इथे राहणाऱ्या लेसिएली यांना," ती म्हणाली, "कळवण्यात येत आहे."

माकाने मान वर केली. तिने बोटींच्या वेळा वाचल्या. हाआपाईची बोट सहाला होती.

बाहेर आली तेव्हा फोन वाजतच होते. माका एक घेत होता, दुसरा ठेवत होता. रेडिओच्या सध्याच्या साहेबांनी निरोप ठेवला होता की उद्या सकाळी भेटा, आणि त्या निरोपाचा सूर काही चांगला नव्हता. माकाने फोनच्या तोंडावर हात धरून विचारलं की बाई, लोक विचारतायत ही लेसिएली त्यांची कोण, काय सांगू? त्याने ते टिंगलीने विचारलं नाही. तरुण माणूस, त्याला खरंच काय सांगावं कळत नव्हतं. "यादीत आहे म्हणून सांग," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन निघाली. कोलोफोऊच्या घरी त्या मुलीने ऐकलं असेल. एव्हाना तिला कोणीतरी तो शनिवार सांगितला असेल, फणसाच्या झाडासकट. आपण तिच्या दुःखात न विचारता शिरलो. हे तिला कळत होतं, त्याची शरम वाटत होती, आणि तरी मागे जाऊन ते वाक्य पुसायला कोणी सांगितलं असतं तर तिने पुसलं नसतं. रस्त्यावर दोनचार ओळखीची माणसं भेटली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं, मयताच्या घरच्यांकडे बघतात तसं. एका दारातली म्हातारी उठून उभी राहिली. लेसिएलीला आपण कधी घरी पोचलो ते समजलं नाही.

आत्या नेहमीच्या जागी, दाराशी, चटईवर बसली होती. रेडिओ बंद होता. एवढ्या वर्षांत खबरांनंतरची भजनं तिने कधी बंद केली नव्हती. लेसिएलीने पिशवी ठेवली आणि अंतरावर गुडघे दुमडून बसली. आत्याचे हात मांडीवर होते, हाडांवर नुसती कातडी.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "सगळ्यांबरोबर ऐकलं. याही वेळी."

लेसिएलीने मान खाली घातली. तिला वाटलं आता आत्या म्हणेल की तुझ्या आवाजात लाज नव्हती. म्हणाली असती तर लेसिएलीकडे आज उत्तर होतं, एकतीस वर्षं तासून ठेवलेलं. पण आत्याने हात पुढे करून चटई चाचपली, तिचं मनगट सापडेपर्यंत, आणि धरलं.

"रेडिओचं राहू दे. तो सगळ्यांसाठी. आता मला सांग."

लेसिएलीने तोंड उघडलं. पहिल्यांदा तिच्या जिभेवर तेच आलं, लिफुका बेटावरच्या पांगाई गावचे, आणि ते तिने गिळलं. राज्यातल्या सगळ्या घरांना एका दमात सांगून टाकलेली गोष्ट ती एका म्हातारीला सांगू शकत नव्हती. तिने दोनदा प्रयत्न केला. बाहेर कोणाचंतरी डुक्कर कुंपणाला अंग घासत होतं.

"हेनेली गेला, आत्या," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला, माईकसमोर कधी न फुटलेला, आणि ती आत्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बावीस वर्षांच्या मुलीसारखी रडली. आत्याने तिला गप्प केलं नाही. तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, अगदी शेजारणीने विचारावं तसं, "आपला कोण होता?"

"माझा होता."

"हं," आत्या म्हणाली.

तो हुंकार अर्धा श्वास होता. मग ती भिंतीला हात लावून उठायला लागली. लेसिएलीने धरायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. खाटेखाली घरातल्या चटया गुंडाळून ठेवलेल्या असतात. मयताला जाताना त्या कमरेला बांधायच्या. लांबच्या ओळखीच्या माणसांनी लहान, नीटस बांधायची. जितकी मोठी आणि फाटकी, तितकं माणूस मेलेल्याच्या जवळचं. ते बघितल्यावर मग कोण कुठले असं कोणी विचारत नाही. लेसिएली वाकून हाताला येईल ती, मधली, बऱ्यापैकी धड अशी एक ओढू लागली. आत्याने चटईच्या कडेवरून बोटं फिरवली आणि ती परत ढकलली.

"ही नाही. मोठी काढ, आतली, फाटलेली," ती म्हणाली. "आणि माझीही काढ. गुरुवारी मी येणार आहे."

लेसिएली जमिनीला गाल टेकून खाटेखाली शिरली आणि एकेक चटई बाहेर काढू लागली.